जर्मन स्थलांतरित पूर्वजांचा शोध

जर्मन भाषक प्रदेशातून परदेशी जाऊन तेथेच स्थायिक झालेल्या मूळपुरुषाचे गाव निश्चित करणे, त्या गावच्या नोंदींवरून त्याच्या घराण्याची वंशावळ मागे नेणे आणि त्याने गाव का सोडले हे त्या मुलखाच्या स्थानिक इतिहासातून उलगडणे, असे या शोधाचे स्वरूप असते. जर्मन स्थलांतराचा मुख्य ओघ अमेरिकेकडे वाहिला, म्हणून शोध घेणारेही बहुधा तेथील वंशज असतात. ब्राझील, ऑस्ट्रेलिया किंवा रशियाकडे गेलेल्यांच्या बाबतीतही रीत जवळजवळ हीच आहे. सारे काही एका गोष्टीवर अडते, ती म्हणजे गावाचे नाव. जर्मनीत जुने जन्म, विवाह व मृत्यू कोणत्याही एका मध्यवर्ती कचेरीत नोंदलेले नाहीत. ते गावोगावच्या चर्चच्या वह्यांत विखुरलेले आहेत. आडनाव आणि जन्मवर्ष हाती असूनही त्यामुळे भागत नाही, आणि कुटुंबाच्या आठवणीतून सर्वांत आधी निसटते ते नेमके गावाचेच नाव.

या स्थलांतराची सुरुवात साधारणपणे १६८३ पासून मानतात. त्या वर्षी क्रेफेल्ट येथील तेरा कुटुंबे ‘कॉन्कॉर्ड’ जहाजाने पेनसिल्व्हेनियात उतरली आणि फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसले. १७०९ मध्ये ऱ्हाइनकाठच्या पॅलाटिनेट (फाल्त्स) व आसपासच्या मुलखांतून हजारो लोक लंडनला पोहोचले व त्यांतील काहींना पुढे न्यूयॉर्कच्या वसाहतीत पाठवण्यात आले. अठराव्या शतकात प्रवासखर्च नसलेले अनेक जण अमेरिकेत काही वर्षे राबून जहाजाचे भाडे फेडण्याच्या करारावर निघत. एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे आली आणि हा ओघ प्रचंड वाढला. १८२० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत पन्नास लाखांहून अधिक जर्मन अमेरिकेत गेले; एकट्या १८८२ या वर्षी ही संख्या अडीच लाखांच्या घरात होती.

अमेरिकन कागदपत्रांत जन्मस्थळ म्हणून बहुधा ‘प्रशिया’, ‘बव्हेरिया’ किंवा ‘हेसे’ एवढेच लिहिलेले आढळते. १८७१ पूर्वी जर्मनी नावाचे एकसंध राज्यच नव्हते. १८१५ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन संघात राजे, ड्यूक व स्वतंत्र नगरे मिळून जवळपास चाळीस सत्ता होत्या. शिवाय सत्तेचे नाव भूगोलाशी जुळेलच असे नाही. पॅलाटिनेटचा ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरील भाग १८१६ पासून बव्हेरियाच्या राजाकडे होता, त्यामुळे म्यूनिकपासून कितीतरी दूर राहणारा तेथील द्राक्षबागायतदार कागदोपत्री ‘बव्हेरियन’ ठरतो. नॉयश्टाट म्हणजे ‘नवे शहर’ आणि म्यूलहाउझेन अशा नावांची गावे तर अनेक आहेत. अशा वेळी १९१२च्या सुमारास प्रसिद्ध झालेला, जर्मन साम्राज्यातील बारीकसारीक वस्त्यांचीही नोंद असलेला मायर यांचा स्थलनामकोश उपयोगी पडतो. कोणते गाव कोणत्या तालुक्यात आणि नागरी नोंदणीच्या कोणत्या कचेरीखाली होते, हे त्यावरून कळते.

गावाचे नाव जर्मनीत शोधायचे नसते, ते आधी परदेशातील कागदांत शोधायचे असते. १९०६ पूर्वीच्या अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जांत अर्जदार प्रशियाच्या राजाशी असलेली निष्ठा सोडत असल्याचे लिहिलेले असते, पण तो कोणत्या गावचा हे क्वचितच सापडते. याउलट जर्मन लुथरन व रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट पंथांच्या मंडळ्यांतील पाळकांनी अमेरिकेतही मायदेशीच्या शिस्तीने वह्या ठेवल्या आणि विवाहाच्या किंवा दफनाच्या नोंदीत मूळ गाव आवर्जून लिहिले. थडग्यावरचा जर्मन लेख, जर्मन वृत्तपत्रातील मृत्युलेख, मुलांच्या बाप्तिस्म्याला उभे राहिलेले धर्मपिता व धर्ममाता आणि शेजारची शेते कसणारी कुटुंबे यांकडे म्हणूनच बारकाईने पाहावे लागते. माणसे एकेकटी क्वचितच जात. आधी गेलेल्या भावाच्या, बहिणीच्या किंवा गावकऱ्याच्या पत्रावरून पुढचा निघे आणि एका जर्मन गावातील अर्धा डझन घराणी अमेरिकेतील एकाच तालुक्यात वसत. स्वतःच्या पूर्वजाचे गाव सापडत नसेल तर शेजाऱ्याचे शोधावे, हा यातला सर्वांत फलदायी मार्ग आहे.

बंदरांवरील जहाजयाद्यांचे दैव सारखे नाही. हाम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्या, महायुद्धाच्या काळातील खंड सोडल्यास, टिकल्या आहेत आणि त्यांत प्रवाशाचे अखेरचे वास्तव्य नोंदलेले असल्याने त्यांचे मोल फार मोठे आहे. थेट अमेरिकेला जाणारे आणि इंग्लंडमधील हल व लिव्हरपूलमार्गे जाणारे यांच्या याद्या वेगळ्या ठेवल्या जात, ही गोष्ट ध्यानात न घेतल्यास नाव असूनही हाती लागत नाही. ब्रेमेनमध्ये १८३२ पासून अशा याद्या ठेवणे सक्तीचे होते आणि तेथून निघालेल्यांची संख्याही मोठी होती. पण जागा अपुरी पडते म्हणून तेथील जुन्या याद्या नष्ट करण्यात आल्या आणि उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. लाखो कुटुंबांच्या प्रवासाचा हा मोलाचा पुरावा कपाटे रिकामी करण्यासाठी नाहीसा व्हावा, ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी हानी होय. पेनसिल्व्हेनियात उतरणाऱ्या पुरुषांकडून १७२७ पासून राजनिष्ठेची शपथ घेतली जाई. त्या शपथपत्रांवरील सह्या आजही उपलब्ध आहेत आणि गावच्या एखाद्या करारनाम्यावरील सहीशी त्या ताडून माणूस तोच की दुसरा हे ठरवता येते.

न्यूयॉर्क बंदरातील एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावरील अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली, ही कथा अनेक घराण्यांत सांगितली जाते. प्रत्यक्षात तेथे जहाज सुटण्याच्या ठिकाणी तयार झालेल्या यादीवरूनच प्रवाशाची तपासणी होई. श्मिट याचे स्मिथ, म्युलर याचे मिलर किंवा त्सिमरमान याचे कार्पेंटर हे बदल पुढे संसार करताना हळूहळू झाले. स्वतःचे नाव हीसुद्धा फसवी बाब आहे. योहान पेटर, योहान गेओर्ग आणि योहान हाइनरिख हे तिघे सख्खे भाऊ असू शकतात, कारण बाप्तिस्म्याचे पहिले नाव केवळ मानाचे असे आणि हाक दुसऱ्या नावाने मारली जाई. वारलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला ठेवण्याचाही प्रघात होता. वेस्टफालियात तर शेतवाडीच्या वारस मुलीशी लग्न करणारा पुरुष त्या वाडीचे नाव लावी, त्यामुळे बाप आणि मुलगा यांची आडनावे निराळी दिसतात.

गाव सापडले की खरे काम चर्चच्या वहीत सुरू होते. कॅथलिक पंथात ट्रेंट धर्मसभेच्या १५६३ मधील निर्णयानंतर अशा वह्या सर्वत्र ठेवल्या जाऊ लागल्या. प्रॉटेस्टंट प्रदेशांतही सोळाव्या शतकात त्यांची सुरुवात झाली. मात्र तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) आणि नंतर फ्रेंच सैन्याने पॅलाटिनेट जाळला तेव्हा असंख्य वह्या नष्ट झाल्या. उरलेल्यांचे लेखन कुरेंट नावाच्या शीघ्र वळणाच्या लिपीत आहे. मोडी वाचणाऱ्याला तिची अडचण लगेच कळेल, कारण तिच्यातही काही अक्षरे एकमेकांसारखीच दिसतात आणि ‘e’ व ‘n’ यांतील भेद संदर्भावरूनच करावा लागतो. शाळांतून शिकवले जाणारे तिचे झ्युटर्लिन हे वळण १९४१ मध्ये बंद झाल्याने आजच्या जर्मन माणसालाही आजोबांची पत्रे वाचणे जड जाते. तारखांतही खाचखळगे आहेत. कॅथलिक संस्थानांनी ग्रेगोरियन पंचांग १५८० च्या दशकात स्वीकारले तर प्रॉटेस्टंट संस्थानांनी १७०० मध्ये, म्हणून शेजारच्या दोन गावांत शतकाहून अधिक काळ दहा दिवसांचा फरक होता. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर फ्रेंच राजवटीत १७९८ पासून नागरी नोंदणी आली आणि काही वर्षे तिच्या तारखा फ्रेंच क्रांतीच्या पंचांगानुसार लिहिल्या गेल्या. संपूर्ण प्रशियात ही नोंदणी १८७४ मध्ये आणि साऱ्या साम्राज्यात १ जानेवारी १८७६ रोजी सुरू झाली. आजच्या कायद्यानुसार जन्माची नोंद ११०, विवाहाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षांनंतर सर्वांस पाहता येते.

स्थानिक इतिहासाची गरज येथे दोन प्रकारे भासते. एक म्हणजे त्याशिवाय वही कोठे आहे हेच कळत नाही, कारण लहान वाडीला स्वतःचे चर्च नसे आणि तेथील मुलांचे बाप्तिस्मे शेजारच्या गावी होत. राज्यकर्ता बदलला की गावाचा पंथ बदले. पॅलाटिनेटमध्ये लुथरन व रिफॉर्म्ड मंडळ्या १८१८ मध्ये एकत्र झाल्या, तेव्हा त्याआधीच्या नोंदी दोन वेगळ्या वह्यांत पाहाव्या लागतात. दुसरे म्हणजे माणूस का गेला याचे उत्तर वंशावळीत नसते, ते गावच्या जमिनीत असते. वुर्टेम्बेर्ग, बाडेन व पॅलाटिनेट येथे बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वाटली जाई, आणि तीन-चार पिढ्यांत तिचे इतके तुकडे पडत की त्यांवर कोणाचेही पोट भरत नसे. उत्तरेकडे अखंड वाडी एकाच मुलाकडे जाई. इतर भावंडे मजूर होत किंवा ओस्नाब्र्युक परिसरातील ‘होयअरलिंग’ कुळांप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून त्याच्या बोलावण्याला हजर राहत. रीत वेगळी असली तरी दोन्हीकडे धाकट्याला जहाजाची वाट दिसली. यात १८१६ची भर पडली. आदल्या वर्षीच्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे त्या साली उन्हाळाच झाला नाही, नैऋत्य जर्मनीत पिके शेतात कुजली आणि १८१७ मध्ये लोक अमेरिकेकडे व रशियाकडे झुंडीने निघाले. १८४० च्या दशकात बटाट्यावर रोग पडला आणि १८४८–४९ ची क्रांती फसली, तेव्हा हेच पुन्हा घडले. अनेक संस्थानांत गरिबाला गावपंचायतीच्या संमतीशिवाय लग्नही करता येत नसे. वहीत एकाच जोडप्याची दोन-तीन अनौरस मुले आणि नंतर अमेरिकेत त्यांचा विवाह दिसला, तर त्यामागे बहुधा हा कायदा असतो आणि त्या दोघांच्या वर्तनाविषयी त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

रीतसर जाणाऱ्याला परवानगी घ्यावी लागे. त्याचे नाव सरकारी पत्रकात छापून येई, म्हणजे घेणेकऱ्यांना वेळीच दावा सांगता यावा. परवानगी न घेता गेलेल्यांचा माग लष्करभरतीच्या कागदांत लागतो. पॅलाटिनेटमधील काल्श्टाट या द्राक्षमळ्यांच्या गावातून १८८५ मध्ये सोळा वर्षांचा फ्रीडरिख ट्रम्प ब्रेमेनमार्गे न्यूयॉर्कला आधीच गेलेल्या बहिणीकडे पोहोचला. पैसा मिळवून तो परतला, गावातीलच मुलीशी त्याने लग्न केले आणि तेथेच राहू देण्याची विनंती केली. पण लष्करी सेवा चुकवून गेल्याबद्दल १९०५ मध्ये बव्हेरियन अधिकाऱ्यांनी त्याला देश सोडण्याचा हुकूम दिला व राजप्रतिनिधी लुइटपोल्ट यांच्याकडे केलेला विनवणीचा अर्जही फेटाळला गेला. हा गृहस्थ अमेरिकेचे अध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांचा आजोबा होय. त्याच्या वंशजांकडून अनेक वर्षे घराण्याचे मूळ स्वीडिश असल्याचे सांगितले जात होते. घरची परंपरा कितीही ठामपणे सांगितली गेली तरी ती पुराव्याच्या जागी बसू शकत नाही, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही. केचपमुळे प्रसिद्ध झालेल्या हेन्री हाइन्झ यांचे वडीलही याच काल्श्टाटचे.

ज्यू स्थलांतरितांचा शोध वेगळ्या वाटेने जातो. बव्हेरियात १८१३च्या फर्मानाने ज्यूंना कायम आडनावे घ्यावी लागली आणि प्रत्येक गावात किती ज्यू कुटुंबे राहू शकतील याची मर्यादा नोंदपटाने ठरली. ही मर्यादा १८६१ पर्यंत टिकली. धाकट्या मुलांना संसार थाटण्याचा हक्कच नसल्याने ती अमेरिकेला गेली. वरच्या फ्रांकेनमधील बुटेनहाइम येथे १८२९ मध्ये जन्मलेले, पुढे जीन्समुळे प्रसिद्ध झालेले लेव्ही स्ट्राउस वडिलांच्या मृत्यूनंतर आई व बहिणींसह १८४७ मध्ये तेथून निघाले.

एकेका गावातील सर्व कुटुंबे चर्चच्या वह्यांवरून जुळवून छापलेल्या ग्रंथास ‘ओर्ट्सफामिलिएनबूख’ म्हणतात. आपल्याकडील कुलवृत्तांत एका घराण्याचा असतो, तर हा ग्रंथ साऱ्या गावाचा असतो, त्यामुळे त्यात लग्नसंबंधांचे जाळे एका नजरेत दिसते. या परंपरेवर एक काळा डाग आहे. नाझी राजवटीत ‘आर्य’ असल्याचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी आजी-आजोबांचे बाप्तिस्म्याचे दाखले मागितले जात. वंशावळीचे ज्ञान तेव्हा माणसांना नोकरीतून काढण्यासाठी आणि अखेर जिवानिशी मारण्यासाठी वापरले गेले. त्या काळात तयार झालेली गावपुस्तके वापरताना काय वगळले आहे याकडेही पाहावे लागते.

वंशावळ मागे नेताना पॅलाटिनेटमध्ये बहुधा १६५० च्या आसपास एक आश्चर्य वाट पाहत असते. तीस वर्षांच्या युद्धात ओस पडलेला हा मुलूख पुन्हा वसवण्यासाठी तेथील राज्यकर्ते इलेक्टर कार्ल लुडविग यांनी बाहेरून माणसे बोलावली, आणि झ्युरिख व बेर्न परिसरातील अनेक कुटुंबे येथे आली. मुलगा अमेरिकेला निघाला त्याच्या दीड-दोनशे वर्षे आधी त्याचा पूर्वजही असाच परक्या मुलखात येऊन वसला होता. विवाहनोंदीत ‘स्वित्झर्लंडहून आलेला’ असे शब्द दिसले की तेथून शोध स्विस गावाकडे वळतो.