'मॅन' कमांडच्या मागचा टाइपरायटर

साल 2002. सांगलीत विश्रामबागच्या होस्टेलवर आमच्याकडे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, पण प्रिंटर नव्हता. एका मित्राच्या वडिलांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान होतं आणि तिथे पट्ट्या छापायला एक डॉट मॅट्रिक्स होता. 'मॅन' म्हणजे मॅन्युअल: कुठल्याही कमांडची माहिती पडद्यावर दाखवणारी कमांड. तिने दाखवलेलं एक पान आम्ही फाईलमध्ये काढलं, फ्लॉपीवर घेतलं आणि दुकानाच्या विंडोजवर उघडून पाहिलं. सगळा गोंधळ. 'नेम' हे मथळ्याचं चार अक्षरी इंग्रजी नाव 'एन-एन-ए-ए-एम-एम-ई-ई' असं दिसत होतं, आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध एक काळा चौकोन. मित्राला वाटलं, फ्लॉपी खराब.

तरीही आम्ही फाईल थेट प्रिंटरला पाठवली. पहिल्यांदा ओळी जिन्यासारख्या तिरक्या उतरल्या, कारण युनिक्सच्या (लिनक्स ज्या घराण्यातलं, त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) ओळीच्या शेवटी डोकं डावीकडे परत नेणारी खूण नसते. ती घालून पुन्हा छापलं. या वेळी मथळा आला तो ठसठशीत, गडद. काळा चौकोन म्हणजे बॅकस्पेस होता. प्रिंटरने 'एन' मारला, एक घर मागे सरकून त्याच जागी पुन्हा 'एन' मारला. विंडोजला न उमगलेली गोष्ट त्या खडखड्या यंत्राला बरोबर कळली.

राजवाडा चौकात कचेरीबाहेर बसणारे टायपिस्ट 'प्रतिज्ञापत्र' हा मथळा असाच दोनदा मारून ठळक करायचे. मॅन पानांचा सगळा इतिहास या एका युक्तीभोवती फिरतो, असं माझं मत आहे.

सुरुवात 1964 ची. अमेरिकेतल्या एमआयटीत जेरोम सॉल्टझर यांना आपल्या प्रबंधाचा आराखडा नीट छापून हवा होता, म्हणून त्यांनी 'रनऑफ' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आपण 'झेरॉक्स काढ' म्हणतो तसं तिकडे प्रती काढण्याला 'रन ऑफ' म्हणत. मजकुरातच मधेमधे टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी टाकायच्या: इथे परिच्छेद, इथे जागा सोड. साध्या लिखाणात कुणी ओळीची सुरुवात टिंबाने करत नाही, म्हणून खूण टिंबाची. मधे एखादं वाक्य घुसडलं तरी पुढच्या ओळी आपोआप नव्याने जुळायच्या. आमच्या शेजारच्या मिरजेत 1805 साली पटवर्धनांनी भगवद्गीता छापवून घेतली ती तांब्याच्या पत्र्यांवर अख्खी पानं कोरून. तिथे एक शब्द वाढवायचा तर पत्रा नवा! सॉल्टझर यांनी मजकूर आणि मांडणी वेगळी केली, ही खरी मोठी गोष्ट.

'रनऑफ'चा वारसा अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्ज या संशोधनशाळेत 'रॉफ' या नावाने पोचला. तिथली मंडळी 1969 मध्ये मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातून बाहेर पडली होती आणि पीडीपी-7 या जुन्या संगणकावर युनिक्स घडवत होती. नवं यंत्र हवं होतं, किंमत सुमारे 65,000 डॉलर, आणि 'ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो' म्हटलं तर साहेब पैसे देईनात. मग जो ओसाना वगैरेंनी शक्कल काढली: यंत्र दस्तऐवज लिहायला-छापायला हवंय. पेटंट विभागाला अर्जातल्या ओळींना क्रमांक घालून हवे होते, ते 'रॉफ'ला जमणार होतं. पीडीपी-11 हे नवं यंत्र आलं. 1971 च्या उत्तरार्धात त्या विभागाच्या तीन टायपिस्ट दिवसभर त्यावर पेटंटचे अर्ज टाइप करत आणि युनिक्स लिहिणारे त्याच यंत्रावर जीव मुठीत धरून आपलं काम रेटत. म्हणजे कारकुनी कामाच्या पैशावर युनिक्स उभं राहिलं. कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्याला यात नवल वाटणार नाही.

3 नोव्हेंबर 1971 ची तारीख असलेलं पहिलं युनिक्स मॅन्युअल केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं. नाव, वापर, वर्णन असा साचा तेव्हाच ठरला आणि त्यात 'बग्ज'चा रकाना होता. आपल्या मालातला दोष आपणच छापायचा!

पुढे ओसाना यांनी टाइपरायटरसारख्या यंत्रांसाठी 'एनरॉफ' आणि 1973 च्या सुमारास फोटोटाइपसेटरसाठी, म्हणजे प्रकाशाने अक्षरं उमटवणाऱ्या छपाईच्या यंत्रासाठी, 'ट्रॉफ' लिहिला. ते 1977 मध्ये वारले. असेंब्ली या यंत्राच्या जवळच्या भाषेतला मूळ कोड त्यांनीच 1975 च्या सुमारास सी भाषेत आणला होता; ब्रायन कर्निघन यांनी तो नंतर वेगवेगळ्या टाइपसेटरवर चालेल असा बदलला. 1979 च्या सातव्या आवृत्तीत डग मॅकिलरॉय यांचे 'मॅन' मॅक्रो, म्हणजे मॅन पानांसाठी तयार आज्ञांचा संच, आले, तेच आजही चालतात. 1990 मध्ये जेम्स क्लार्क यांचा मुक्त 'ग्रॉफ' आला. आमच्या लिनक्सवर तोच होता.

पडदा आला तेव्हा वेगळीच पंचाईत झाली. टेलिटाइपवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टाइपरायटरवर, कागद हातात राहायचा. पडद्यावर मजकूर वर पळून जाई. म्हणून 1978 मध्ये डॅनियल हॅलबर्ट यांनी 'मोअर' लिहिला, पान भरलं की थांबणारा. मागे जायची सोय हवी म्हणून 1983 मध्ये मार्क न्यूडेलमन यांनी 'लेस'ला हात घातला. ठळक अक्षराची जुनी खूण 'लेस' ओळखतो: अक्षर, बॅकस्पेस, तेच अक्षर दिसलं की पडद्यावर ठळक करतो. अक्षराच्या जोडीला अधोरेषा असेल तर अधोरेखित.

देवनागरीत हे गणित बसत नाही. एक घर मागे म्हणजे एक अक्षर, हा हिशेब 'कि' किंवा 'र्त्य'पाशी अडतो. मराठी टाइपरायटरने त्यावर लोखंडी उपाय काढला होता: उकाराची कळ दाबली तर गाडा पुढे सरकतच नसे.

आता मॅन पान फाईलमध्ये काढलं तर बहुतेक लिनक्सवर बॅकस्पेस आधीच गाळलेले असतात. अडत दुकानातला गोंधळ आज व्हायचा नाही. पण 2008 मध्ये क्रिस्टॅप्स झॉन्सन्स यांनी मॅन पानं दाखवणारा 'मँडॉक' कोऱ्या पाटीवर लिहायला घेतला, जुन्या 'रॉफ'वर अजिबात न विसंबता. ओपनबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिमवर आज तोच पानं दाखवतो. त्याचं साधं आउटपुट उघडून पाहिलं, तर मथळ्यात अजून 'एन', बॅकस्पेस, 'एन'.