चतुर्थीआधी बुजवलेला खड्डा

गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या वाड्यात, म्हणजे वस्तीत, शिरताना वळणावर एक खड्डा लागतो. दरवर्षी चतुर्थीच्या आठवडाभर आधी तो बुजतो आणि गणपती पोचवून येईपर्यंत पुन्हा उघडा पडतो. यंदा मी तो जरा वाकून पाहिला. पाऊस थांबून तास झाला होता. खड्ड्यातून एक स्कूटर गेली आणि वीतभर पलीकडे, धडधाकट दिसणाऱ्या डांबरातल्या केसाएवढ्या भेगेतून लाल पाण्याची चिळकांडी उडाली.

पाणी लाल होतं, म्हणजे ते खालच्या मुरुमापर्यंत जाऊन आलेलं. चाक वर आलं की भेगेत साचलेलं पाणी दाबलं जातं, त्याला निसटायला दुसरी वाट नसते, मग ते बारीक माती घेऊन वर उसळतं. चाक पुढे गेलं की पाणी परत आत. असं दिवसभर. हळूहळू डांबराखाली पोकळी होते आणि वरचा थर अधांतरी राहतो. मग एखाद्या दिवशी चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचा, ट्रक येतो. वाड्यात कुणाचं ना कुणाचं घर बांधायला काढलेलं असतंच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिले, तेव्हा आसावरचं ओझं दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते असं दिसलं. तेव्हा स्कूटरवाल्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरी भानगड डांबर आणि खडीच्या नात्याची. डांबर तेलकट, आणि दगडाची ओढ तेलापेक्षा पाण्याकडे जास्त. म्हणून हॉटमिक्स करताना खडी आधी तापवून कोरडी करतात आणि दीडशे अंशांच्या आसपास डांबरात घोळवतात. ओल्या खड्ड्यात माल टाकला तर मध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो आणि डांबर धरतच नाही. त्यात तो फावड्याच्या पाठीने थोपटलेला. नीट दाबलेल्या थरात हवेची पोकळी साधारण आठ टक्क्यांच्या आत लागते. त्यापुढे छिद्रं एकमेकांना जोडली जातात आणि थराची चाळणी होते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. चाळणी किती दिवस टिकणार?

काही जण खड्ड्यात चिऱ्याचे तुकडे टाकतात. गेल्या वर्षी मीही टाकले होते. चिरा खाणीतून नरम निघतो आणि उघड्यावर कडक होतो, म्हणूनच १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात तो पाहून त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ नाव दिलं. भिंतीत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ओल्यात चाकाखाली मात्र त्याचं पीठ होतं. माझे तुकडे पंधरा दिवसांत चिखल झाले.

पक्कं काम करायचं तर खड्ड्याभोवतीचं सैल डांबर चौकोनी कापून काढायचं, कडा उभ्या ठेवायच्या, तळ वाळवायचा, तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात द्यायचा, मग थर घालत दाबत यायचं. हे उन्हाळ्याचं काम. पावसात न तापवता वापरायच्या डांबर-खडीच्या मिश्रणाची पिशवी ओतली तर वाट चालू राहते, एवढंच.

पण आमच्या वळणावर हेही पुरणार नाही. रस्त्याला मधून कडेकडे मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर उतार हवा. आमच्याकडे उतार आहे, तो जिथे संपतो तिथलं गटार मात्र एका कुंपणाच्या पायाखाली गेलंय. पाणी येतं आणि तिथेच बसतं. म्हणून यंदा पंचायतीला दिलेल्या अर्जात मी पहिली ओळ गटाराची लिहिली, दुसरी खड्ड्याची. आमच्या पंचांनी कागद दोनदा वाचला.

“गटार कित्याक? खड्डो मरे बुजोवपाचो!”

मग मी त्यांना पाऊस थांबल्यावर वळणावर येऊन उभं राहायला सांगितलं. छत्री घेऊन आले. स्कूटर गेली, चिळकांडी उडाली, थेट त्यांच्या पांढऱ्या पँटवर.