हाडाच्या गाठीचे सूक्ष्मदर्शी निदान

हाडातल्या गाठीचा बायोप्सीत काढलेला तुकडा मऊ करून, त्याचे पातळ काप रंगवून गाठीचा प्रकार ठरवण्याची पद्धत. ठाणे, कल्याण, पनवेल भागात बायोप्सी अनेकदा जवळच्या रुग्णालयात होते. शंका राहिली तर नातेवाईक ब्लॉक (पॅराफिन मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड (काचपट्टीवरचा रंगवलेला काप) घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच कर्करोग केंद्रात फेरतपासणीला जातात.

एक्स-रे पाहिल्याशिवाय हाडाची स्लाइड वाचू नये. जुळून येणाऱ्या फ्रॅक्चरमधले कोवळे हाड आणि ऑस्टिओसार्कोमा (हाड तयार करणारा कर्करोग) छोट्या तुकड्यात सारखेच भासू शकतात. रुग्णाचे वय, कोणते हाड आणि हाडाचा कोणता भाग, एवढ्यावरच निम्म्या शक्यता गळून पडतात.

निदान बिघडते ते बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे, त्याआधी. तुकडा काढल्याबरोबर त्याच्या किमान दहापट, 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) टाकावा. क्षयाची शंका असेल तर एक तुकडा आधीच बाजूला काढून निर्जंतुक सलाइनमध्ये द्यावा. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून कल्चर होत नाही. मोठे हाड करवतीने 3–4 मिमी जाडीच्या चकत्यांत कापतात. फॉर्मलिन पुरते मुरल्यावरच डीकॅल्सिफिकेशन (कॅल्शियम काढून हाड मऊ करणे) सुरू करावे. नायट्रिक ॲसिडने काम लवकर उरकते, पण तुकडा जास्त वेळ राहिला तर केंद्रके हिमॅटॉक्सिलिन हा निळा रंग घेत नाहीत, सगळे गुलाबी दिसते आणि डीएनए तुटल्याने जनुकीय चाचणी वाया जाते. ईडीटीए या कॅल्शियम हळूहळू ओढून घेणाऱ्या सौम्य रसायनाला काही दिवस ते काही आठवडे लागतात. जनुकीय चाचणीवाचून निदान अडणार असेल तिथे घाई असली तरी ईडीटीएच वापरावे. मऊ भाग मात्र आम्लात घालूच नये, तो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवावा. ही साधी सवय पुढची कितीतरी अडचण वाचवते.

काप 3–4 मायक्रॉनचे, रंग एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि गुलाबी इओसिन). ऑस्टिओसार्कोमा ठरतो तो घातक पेशींनी स्वतः तयार केलेल्या ऑस्टिऑइडवरून, म्हणजे अजून कॅल्शियम न भरलेल्या हाडावरून: पेशींच्या मधून जाळीसारखे पसरलेले एकसंध गुलाबी द्रव्य. कोलॅजनही गुलाबीच, पण तंतुमय. इथेच नवशिके फसतात. युइंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कर्करोगात लहान गोल निळ्या पेशींची दाटी असते. सीडी99 हे खुणेचे प्रथिन पेशीच्या पडद्यावर सगळीकडे उमटते, पण ते लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा या लसिका पेशींच्या कर्करोगातही उमटते, म्हणून ईडब्ल्यूएसआर1 जनुकाची फेरजुळणी तपासतात. कूर्चेच्या गाठीत पेशींच्या रूपापेक्षा ती मूळ हाडाच्या पट्ट्यांना वेढून पुढे घुसली आहे का, हे महत्त्वाचे.

जायंट सेल ट्यूमरमध्ये नजर भल्यामोठ्या पेशींकडे जाते, पण खरी गाठ त्यांच्यामधल्या एककेंद्रकी पेशींची असते, एच3.3 जी34डब्ल्यू या बदललेल्या प्रथिनाची आयएचसी (प्रतिपिंड वापरून ठरावीक प्रथिन रंगवण्याची चाचणी) त्यांच्या केंद्रकांत उमटते. पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागल्यावर होणारा ब्राउन ट्यूमर हुबेहूब असाच दिसतो, म्हणून रिपोर्टवर सही करण्याआधी रक्तातले कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचे संप्रेरक) मागवावे.

किमोथेरपीनंतर काढलेल्या ऑस्टिओसार्कोमाची पूर्ण एक चकती चौकोनांत आखून प्रत्येक चौकोन तपासतात; 90 टक्के किंवा अधिक गाठ मेलेली असेल तर औषधाला चांगला प्रतिसाद मानतात.

फेरतपासणीला जाताना फक्त स्लाइड नेऊन भागत नाही. आयएचसीसाठी ब्लॉक लागतो, सोबत एक्स-रे व एमआरआय, जुना रिपोर्ट आणि कोणत्या आम्लात किती वेळ ठेवले याची नोंद हवी. मे महिन्याच्या उन्हात ब्लॉक बंद गाडीत ठेवू नयेत. पॅराफिन मऊ पडते.