घोड्याच्या रक्तातून नेमकं प्रोटीन पकडायचं कसं?

पऱ्हाटीच्या निंदणाचे दिवस आले की आपल्याकडे साप चावल्याच्या केसेस वाढतात, पेशंटला ग्रामीण रुग्णालयात नेऊन सलाईनमधून अँटीव्हेनम देतात, आणि कधी कधी त्यानंच थंडी वाजते नाहीतर अंगावर पित्त उठतं. औषध उलटलं म्हणतात लोक.

होतं असं की त्या 10 मिलीच्या बाटलीत घोड्याच्या अँटिबॉडी, म्हणजे विषाला ओळखून धरणारी रक्तातली प्रोटीनं, असतात. नाग, मण्यार, फुरसं आणि घोणस, म्हणजे आपली परड, यांचं विष थोडं थोडं टोचून त्या तयार करतात. पण घोड्याला जन्मभरात इतर जंतूही भेटलेले असतातच ना, त्यामुळे विषावर चालणाऱ्या अँटिबॉडी थोड्याच, बाकीच्या उगाच सोबत आलेल्या. कॅप्रिलिक आम्ल टाकून रक्तातली बरीच नको ती प्रोटीनं खाली बसवता येतात, पण कामाची आणि बिनकामाची अँटिबॉडी आकारानं जवळपास सारखीच, त्या वेगळ्या होत नाहीत.

इथं पॉलिमर, म्हणजे छोटे रेणू साखळीसारखे जोडून बनलेला पदार्थ, लागतं. 1956 मध्ये पीटरसन आणि सोबर या शास्त्रज्ञांनी सेल्युलोजला (कापूस त्याचाच बनलेला असतो) धन विद्युतभाराचे गट जोडले. ऋणभाराची प्रोटीनं त्याला चिकटली आणि मिठाचं पाणी सोडलं की सुटली. भारी काम, पण नुसत्या विद्युतभारावरून आपली अँटिबॉडी ओळखू येत नाही. 1968 मध्ये अ‍ॅफिनिटी क्रोमॅटोग्राफी आली. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अ‍ॅगरोजच्या मण्यांवर विषच बांधून ठेवायचं, वरून घोड्याचा प्लाझ्मा (पेशी काढलेलं रक्ताचं पाणी) सोडायचा, विष ओळखणाऱ्या अँटिबॉडी तेवढ्या अडकतात, बाकीचा माल वाहून जातो.

खरी गोची पुढं आहे. अडकलेली सोडवायला आम्ल ओतावं लागतं, पीएच 3 च्या आसपास, आणि ज्या अँटिबॉडीची पकड सगळ्यात घट्ट तीच एकतर मण्यावर राहते किंवा आम्लानं खराब होते. म्हणजे सगळ्यात चांगला मालच हातचा जातो! माझ्या मते असं मटेरियल डिझाइन करताना धरण्यापेक्षा सोडण्याचा विचार आधी करायला पाहिजे. शिवाय मण्यांवर बांधायला विष लागतं ते महाग, वेगळंच.

म्हणून काही जण विष किंवा अँटिबॉडी न बांधता पॉलिमरमध्येच खाच पाडतात. काळ्या मातीच्या चिखलात बैलाचा खूर उमटतो तसं, प्रोटीनभोवती पॉलिमर जमू द्यायचं, मग प्रोटीन धुऊन काढायचं. पण प्रोटीन खुरासारखं टणक नसतं, लवचिक असतं, पॉलिमर बनवायच्या रसायनांनी त्याची घडी मोडते, आणि एवढा मोठा रेणू घट्ट जाळीतून बाहेर निघतच नाही. त्यावर उपाय म्हणून फक्त पृष्ठभागावर ठसा घेतात, किंवा अख्ख्या प्रोटीनऐवजी त्याच्या टोकाच्या छोट्या तुकड्याचा.

2010 मध्ये केनेथ शिया या रसायनशास्त्रज्ञांच्या टीमनं अशा खाचा असलेले नॅनोकण, म्हणजे पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण, उंदरांना टोचले आणि त्यांनी रक्तातलं मेलिटिन, म्हणजे मधमाशीच्या विषातला मुख्य घटक, धरून निकामी केलं. पण मेलिटिन फक्त 26 अमिनो आम्लांचं (प्रोटीन ज्यांच्यापासून बनतं ते छोटे रेणू), आणि परडीच्या विषात अशी कितीतरी मोठी, वेगवेगळी प्रोटीनं एकत्र असतात, त्या प्रत्येकासाठी खाच वेगळी लागणार.