भाडेकरूला घर विकणं आणि भाडे-खरेदीचं घर

धुळे-जळगावात कुणी म्हटलं की घरांची एवढी टंचाई आहे, तर सरकारी घरं राहणाऱ्या भाडेकरूंनाच विकून टाका, की दुसरा लगेच म्हणतो, "म्हाडाची भाडे-खरेदी आहेच की भाऊ, त्यात नवं काय?" दोन्हीकडे राहणाराच शेवटी मालक होतो, म्हणून हा घोळ. टंचाईच्या हिशेबात मात्र हे दोन व्यवहार एकमेकांच्या उलट जातात.

भाडे-खरेदीचं घर बांधतानाच विकायचं ठरलेलं असतं. अर्ज, सोडत, वाटपपत्र, सुरुवातीची रक्कम, मग महिन्याचे हप्ते. ते फिटले की घर नावावर. कुटुंब तिथे राहायला जातं तेव्हा त्याची जुनी भाड्याची खोली रिकामी होते आणि दुसऱ्या कुणाला मिळते. म्हणजे गावात एक छप्पर खरोखर वाढलं.

आहे त्या भाडेकरूला घर विकलं, तर त्या दिवशी काहीच हलत नाही. घर तेच, माणसं तीच, चूलही तीच. तोटा दिसतो पुढे वीस-पंचवीस वर्षांनी. ते कुटुंब निघून गेलं असतं, तर घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळालं असतं. आता ते वारसाकडे नाहीतर बाजारात जातं. हा तोटा कुठल्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी बोलतही नाही.

ब्रिटनने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना घर विकत घ्यायचा हक्क मिळाला: तीन वर्षं राहिलेल्याला ३३ टक्के सवलत, पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत. एकट्या इंग्लंडमध्ये आजवर सुमारे २० लाख घरं अशी विकली गेली. घेणाऱ्यांचं भलं झालं, हे मान्यच करायला हवं. आयुष्यभर भाडं भरलेल्या कामगाराला हक्काचं घर मिळणं ही लहान गोष्ट नाही. पण पैशाचं काय झालं? १९९० पासून नगरपालिकांना विक्रीच्या रकमेतला ७५ टक्के भाग कर्जफेडीसाठी बाजूला ठेवावा लागला, नवी घरं बांधायला फारसा मोकळा पैसा उरला नाही. २०१२ मध्ये सवलत वाढवताना सरकारने जास्तीच्या विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घरामागे एक घर बांधायचा शब्द दिला, तोही पाळला गेला नाही. विकलेली बरीच घरं पुढे खासगी मालकांनी जास्त भाड्याने दिली. शेवटी स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये हा हक्कच बंद केला.



आपल्याकडे भाड्याच्या सरकारी खोल्या मुळातच कमी. धडगाव-अक्कलकुव्याहून मजुरीला येणारं कुटुंब, एमआयडीसीत कंत्राटावर असलेला पोरगा, यांच्याकडे ना पगारपत्रक, ना बँकेला दाखवायला काही. त्यांना आज विकतचं घर नको, परवडणारं भाडं हवं. असलेल्या खोल्या विकल्या, तर त्यांनी जायचं कुठे?

म्हणून माझा विक्रीला सरसकट विरोध नाही, पण अट आहे. ठरावातच लिहून घ्या की विक्रीचा पैसा वेगळ्या खात्यात राहील, त्यातून त्याच शहरात भाड्याची नवी खोली उभी राहील, आणि तिची जागा आधी दाखवली जाईल.