स्पिनमधून मॉडेल विमान सावरणे

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानाचे पंख स्टॉल झाले, म्हणजे त्यांची उचल ढासळली, आणि त्यातला एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त ढासळला, की विमान स्वतःभोवती गिरक्या घेत मळसूत्रासारख्या वाटेने खाली येऊ लागते. या अवस्थेला स्पिन म्हणतात. तिच्यातून विमान बाहेर काढून पुन्हा सरळ उड्डाणात आणणे म्हणजे स्पिनमधून सावरणे. फिरकी हा मराठी शब्द चालण्यासारखा आहे, पण मैदानावर सगळे स्पिनच म्हणतात, म्हणून येथेही तोच वापरला आहे.

आधी चार शब्द: थ्रॉटल म्हणजे इंजिन किंवा मोटरची ताकद कमी-जास्त करणारे नियंत्रण; एलेरॉन म्हणजे विमान कुशीवर झुकवणारे पंखांवरचे हलते भाग; रडर म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा उभा भाग; एलिव्हेटर म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा आडवा भाग. हे सारे ट्रान्समीटरवरच्या दोन कांड्यांनी, म्हणजे स्टिकनी, चालवतात; एलिव्हेटर ओढणे म्हणजे त्याची स्टिक आपल्याकडे घेऊन नाक वर करणे. सावरण्याचा ठरलेला क्रम एका वाक्यात मावतो: थ्रॉटल बंद, एलेरॉन मध्यावर, गिरकीच्या विरुद्ध दिशेला पूर्ण रडर, मग एलिव्हेटरची स्टिक पुढे; गिरकी थांबताच रडर मध्यावर आणि शेवटी हलक्या हाताने नाक वर. क्रम पाठ करणे सोपे आहे. आपल्यापुढे घडते आहे तो स्पिनच आहे का आणि तो कोणत्या बाजूचा आहे, हे जमिनीवरून ओळखण्यात खरी अडचण असते.

विमान गिरकी का घेते

समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन एका मर्यादेपलीकडे गेला, की वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते. मोठ्या विमानांत ही मर्यादा साधारण १५ ते १६ अंशांच्या आसपास असते. मॉडेलचा पंख अरुंद आणि वेग कमी, म्हणजे रेनॉल्ड्स अंक (आकार आणि वेग यांवरून हवेचा प्रवाह कसा वागेल हे सांगणारा अंक) लहान. त्यामुळे तिथे हवा बहुधा त्याआधीच सुटते, आणि सुटते तीही बऱ्याचदा एकदम, पूर्वसूचना न देता. स्टॉल कोनामुळे होतो, केवळ वेग कमी झाल्यामुळे नव्हे. वेगात असलेल्या मॉडेलचा एलिव्हेटर झटक्याने ओढला तरी पंख स्टॉल होतो.

दोन्ही पंख सारखेच स्टॉल झाले तर विमान नुसते नाक टाकते आणि वेग घेऊन आपोआप सावरते. एक पंख आधी ढासळला तर गोष्ट बदलते. खाली जाणाऱ्या पंखाला हवा आणखी खालून भेटते. त्याचा कोन वाढतो, स्टॉल खोल होतो आणि हवेचा रोधही वाढतो. वर जाणाऱ्या पंखाचा कोन उलट कमी होतो आणि त्याची थोडी उचल टिकून राहते. एकीकडे जास्त रोध, दुसरीकडे जास्त उचल: हा फरक विमानाला फिरवतो आणि फिरण्यामुळे फरक कायम राहतो. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. बाहेरून कोणी ढकलत नसतानाही स्पिन चालू राहतो तो यामुळे.

पंख पडल्याबरोबर हात जे करायला धावतो ते दोन्ही चूक असते, हेही यातूनच कळते. पडलेला पंख उचलण्यासाठी उलटा एलेरॉन दिला तर त्याच पंखावरचा एलेरॉन खाली जातो, तिथला कोन वाढतो आणि आधीच स्टॉल झालेला पंख आणखी बुडतो. नाक खाली गेले म्हणून एलिव्हेटर ओढला तर स्टॉल धरून ठेवला जातो. स्पिनमध्ये मोडलेल्या पुष्कळ मॉडेलांचा एलिव्हेटर जमिनीवर आदळेपर्यंत पूर्ण ओढलेलाच असतो.

स्पिन की स्पायरल

मैदानावर ज्याला स्पिन म्हटले जाते त्यातले बरेचसे प्रकार प्रत्यक्षात स्पायरल डाइव्ह असतात. दोन्हींत विमान गोल फिरत खाली येते, पण स्पायरलमध्ये पंख उडत असतात आणि वेग क्षणोक्षणी वाढत जातो. स्पिनमध्ये वेग कमी आणि जवळपास स्थिर राहतो. जमिनीवरच्या माणसाला वेगमापक दिसत नाही, पण आवाज ऐकू येतो. हवेची शिट्टी चढत चालली आणि वर्तुळ मोठे असेल तर ते स्पायरल समजावे: थ्रॉटल कमी करून आधी एलेरॉनने पंख समतल करावेत आणि नंतर एलिव्हेटर ओढावा. स्पायरलमध्ये एलेरॉन हाच उपाय असतो, स्पिनमध्ये मात्र तो घात करतो. धडाच्या वर पंख असलेले आणि पंखांची टोके चांगली वर उचललेले शिकाऊ मॉडेल मुळात स्पिनमध्ये टिकतच नाही. रडर धरून ठेवला तरी एकदोन गिरक्यांनंतर ते स्पायरलमध्ये घसरते.

सावरण्याचा क्रम

थ्रॉटल आधी बंद करतात याला दोन कारणे आहेत. ओढलेल्या एलिव्हेटरवरून जाणारा प्रोपेलरचा झोत शेपटी दाबून नाक वर धरतो. शिवाय फिरणारा प्रोपेलर हा जायरोस्कोप असतो, म्हणजे त्याचा अक्ष एकीकडे वळवला की तो काटकोनातल्या दिशेने जोर देतो. मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या प्रोपेलरच्या विमानाला डाव्या स्पिनमध्ये त्यामुळे नाक वर करणारा जोर मिळतो आणि स्पिन सपाट होऊ लागतो.

मग एलेरॉन मध्यावर. मोड २ च्या ट्रान्समीटरमध्ये एलेरॉन आणि एलिव्हेटर एकाच, उजव्या स्टिकवर असतात. घाईने एलिव्हेटर पुढे ढकलताना अंगठा तिरका जातो आणि नकळत एलेरॉनही लागतो. म्हणून ही स्टिक आधी पूर्ण सोडून मध्यावर येऊ द्यावी. मोड १ मध्ये एलिव्हेटर आणि रडर डाव्या स्टिकवर असल्याने घोळ वेगळा होतो: रडर कोपऱ्यात दाबून धरलेला असतानाच तीच स्टिक पुढे न्यावी लागते.

रडर एलिव्हेटरच्या आधी का? स्पिनमध्ये हवा शेपटीकडे खालून येते आणि आडव्या शेपटीमागचा विस्कळीत प्रवाह रडरचा काही भाग झाकतो. एलिव्हेटर आधी पुढे केला तर ही आडोशाची जागा बदलून काही विमानांत रडरची ताकद घटते आणि गिरकीचा वेगही वाढू शकतो. त्यामुळे रडर पूर्ण देऊन क्षणभर थांबावे, मग स्टिक मध्याच्या थोडी पुढे न्यावी. हलक्या वजनाच्या फोमच्या मॉडेलांना एवढेही लागत नाही. दोन्ही स्टिक सोडल्या की ती अर्ध्या-एक गिरकीत थांबतात. ड्युअल रेट (स्टिकच्या हालचालीला पृष्ठभाग किती वळावा हे ठरवणारा ट्रान्समीटरवरचा खटका) कमीवर ठेवला असेल तर मात्र रडर पूर्ण दाबूनही पुरा वळत नाही, आणि हे लक्षात यायला वेळ लागतो.

गिरकी थांबली की रडर लगेच मध्यावर आणावा. तो तसाच राहिला तर विमान दुसऱ्या बाजूच्या स्पिनमध्ये जाते, आणि गोंधळलेल्या माणसाला वाटते की पहिलाच स्पिन सुटलेला नाही. आता विमान नाक खाली करून वेग घेत असते. इथे एलिव्हेटर जोरात ओढला तर दुसरा स्टॉल होतो. सावरलेली मॉडेल या टप्प्यावर पुन्हा हातची जातात. पंख समतल करावेत, हळूहळू बाहेर काढावे आणि क्षितिजाच्या रेषेत आल्यावर थ्रॉटल द्यावा.

कोणत्या बाजूचा रडर

प्रत्यक्ष विमानातल्या वैमानिकासमोर जमीन एकाच दिशेने सरकत असते. मॉडेल उडवणारा खाली उभा असतो आणि त्याला कधी पोट दिसते, कधी पाठ. वरून पाहता उजवा स्पिन घड्याळाच्या दिशेने फिरतो. डोक्यावर फिरणाऱ्या मॉडेलखाली उभे राहिले की तोच घड्याळाच्या उलट दिसतो. मुद्दाम केलेल्या स्पिनमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण आपण कोणत्या बाजूचा रडर दाबला होता हे हाताला माहीत असते. अनपेक्षित स्पिनमध्ये कोणता पंख आधी पडला ते आठवावे. तेही दिसले नसेल तर थ्रॉटल बंद करून, बाकी सर्व नियंत्रणे मध्यावर आणून एका बाजूचा पूर्ण रडर द्यावा. गिरकी मंदावण्याऐवजी वेगवान झाली तर बाजू चुकली, ती बदलावी. हा अंदाजपंचे उपाय उंची असेल तरच परवडतो.

उलटा आणि सपाट स्पिन

विमान पाठीवर पडून स्पिनमध्ये गेले तर रडरचा नियम तोच राहतो, एलिव्हेटर मात्र पुढे नव्हे तर मागे घ्यावा लागतो. जमिनीवरून सुलटा आणि उलटा स्पिन वेगळा ओळखणे कठीण, म्हणून एरोबॅटिक, म्हणजे हवाई कसरतींच्या, मॉडेलांसाठी एक सोपी पद्धत सोयीची ठरते: थ्रॉटल बंद, एलेरॉन आणि एलिव्हेटर सोडून द्यायचे आणि फक्त उलटा रडर. मोठ्या एरोबॅटिक विमानांत हीच पद्धत एरिक म्युलर आणि जीन बेग्ज या कसरतपटू वैमानिकांच्या नावांनी ओळखली जाते. ती सगळ्या विमानांना लागू पडत नाही.

सपाट स्पिनमध्ये नाक जवळजवळ क्षितिजावर असते आणि विमान तबकडीसारखे फिरत खाली उतरते. शेपटीवरून हवा पुरेशी वाहत नसल्याने रडर दुबळा पडतो. अशा वेळी बंद थ्रॉटलचा नियम मोडावा लागतो: उलटा रडर आणि पुढे स्टिक धरून थ्रॉटलचे छोटे झटके दिले की प्रोपेलरचा झोत शेपटीला थोडी ताकद देतो. वजन मुख्यतः धडाच्या लांबीत पसरलेले असेल तर गिरकीच्या बाजूचा एलेरॉनही मदत करतो; वजन पंखांत असेल तर परिणाम उलट होतो.

लहान आकाराचा हिशेब

मॉडेल मूळ विमानाच्या एक चतुर्थांश मापाचे असेल आणि वजनही मापाच्या घनाप्रमाणे, म्हणजे चौसष्टाव्या भागावर, उतरलेले असेल, तर त्याच्या हालचाली दुप्पट वेगाने घडतात. काळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे आखडतो. मूळ विमान एका गिरकीला तीन सेकंद घेत असेल तर हे मॉडेल दीड सेकंद घेईल. १०० मीटरवरच्या मॉडेलला जमिनीपर्यंत तेवढ्याच गिरक्या मिळतात जेवढ्या मूळ विमानाला ४०० मीटरवरून. मॉडेल आखडते, पण माणसाची प्रतिक्रिया देण्याची गती तेवढीच राहते. या छंदात उंची मीटरमध्ये न सांगता ‘तीन चुका मावतील इतकी’ अशी सांगतात, तीही बहुधा याचमुळे.

पूर्वपीठिका

२५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधील सॅलिस्बरी मैदानावर ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचे अव्हरो जातीचे विमान स्पिनमध्ये सापडले. त्यांनी स्टिक ओढून पाहिली, गिरकीच्याच बाजूला रडर देऊन पाहिला, आणि शेवटी रडर उलटा फिरवला. जमिनीपासून सुमारे १५ मीटरवर विमान सावरले. तरीही कारणमीमांसा व्हायला काही वर्षे गेली; पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्रात भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडेमान यांनी स्वतः विमान स्पिनमध्ये घालून मोजमापे घेतली.

त्यानंतर लहान मॉडेल मोठ्या विमानाचे शिक्षक झाले. अमेरिकेत लँग्ली येथील विमान संशोधन केंद्रात १९३५ मध्ये १५ फूट आणि १९४१ मध्ये २० फूट व्यासाचा उभा हवाबोगदा उभारला गेला. खालून वर जाणाऱ्या झोतात मॉडेल हाताने फिरवून सोडत, झोताचा वेग जुळवून ते तरंगत ठेवत आणि सावरण्यासाठी कोणता पृष्ठभाग किती वळवावा लागतो ते पाहत. १९७०च्या दशकात तिथेच लहान खासगी विमानांच्या स्पिनचा अभ्यास झाला, आणि त्यात रेडिओ-नियंत्रित मॉडेलही वापरली गेली.

बनावटीचा वाटा

स्पिन सुटेल की नाही हे बरेचसे उड्डाणाआधीच ठरलेले असते. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजता त्याच्या सरासरी रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर असणे ही नेहमीच्या मॉडेलांची सर्वसाधारण मर्यादा. तो मागे सरकला की स्पिन सपाट होतो आणि रडरचा जोरही कमी पडतो. बॅटरी बदलली, ती एक बोटभर मागे बसली, एवढ्याने फरक पडू शकतो. एक पंख जड किंवा पिळलेला असेल तर मॉडेल नेहमी त्याच बाजूला पडते. असे वारंवार दिसले तर दोष उडवणाऱ्यात शोधू नये. पंखाची टोके किंचित खाली पिळून ठेवली की टोके मुळापेक्षा उशिरा स्टॉल होतात आणि पंख पडण्याची शक्यता घटते. स्थिरीकरण करणाऱ्या जायरोवर विसंबता येत नाही. पडलेला पंख उचलायला तोही एलेरॉनच वापरतो.

उतरण्यासाठी शेवटचे वळण घेताना वेग कमी असतो, वळण धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाण्याची भीती असते, रडर थोडा जास्त दाबला जातो आणि एलिव्हेटर ओढला जातो. तिथे पंख पडला तर वरचा सगळा क्रम निरुपयोगी, कारण एका गिरकीलाही उंची नसते. एकच करता येते: पंख पडू लागताक्षणीच एलिव्हेटर सैल सोडून थ्रॉटल द्यायचा.

मुद्दाम केलेला स्पिन हा एरोबॅटिक स्पर्धांचा नेहमीचा भाग आहे. एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ३ए या रेडिओ-नियंत्रित कसरतींच्या वर्गात मॉडेल आधी खरोखर स्टॉल झाले पाहिजे. झटका देऊन गिरकी सुरू केली तर गुण जातात. ग्लायडर उडवणारे तर स्पिन कामाला लावतात: जोरदार थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, ग्लायडरला नजरेच्या टप्प्याबाहेर ओढू लागली तर ते मुद्दाम स्पिनमध्ये घालून खाली आणतात, कारण सरळ सूर मारला तर वाढत्या वेगाने पंख तुटण्याचा धोका असतो, स्पिनमध्ये वेग वाढत नाही.