व्हिडिओ लावला की लॅपटॉप का तापतो?

ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरले की त्यांचे व्हिडिओ ठाण्यापासून ऐरोलीपर्यंत सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतात. तसाच एक व्हिडिओ लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये फुल एचडीत लावला, असं समजू. एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले तर एक चित्र ६२ लाख बाइटांचं. सेकंदाला अशी ३० चित्रं म्हणजे १८ कोटी ६६ लाख बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे हा कच्चा माल जसाच्या तसा आणायचा तर सेकंदाला जवळपास १५०० मेगाबिटचं कनेक्शन लागेल. घरात १०० मेगाबिटचं असतं आणि व्हिडिओ तरी छान चालतो, कारण तारेतून येतात ते जेमतेम चार-पाच मेगाबिट.

उरलेलं सगळं पाठवलेलंच नसतं. खाडीतला चिखल या चित्रात होता तसाच पुढच्यात आहे, मग तो पुन्हा कशाला पाठवायचा? ‘मागचाच घ्या’ एवढी सूचना पुरते. एक फ्लेमिंगो दोन पावलं पुढे गेला, तर ‘हा चौकोन इतके ठिपके उजवीकडे सरकवा’ असं सांगायचं आणि जो बारीक फरक उरेल तेवढाच पाठवायचा. शिवाय आपल्या डोळ्याला उजेडातला फरक नीट कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाची माहिती दर चार ठिपक्यांना एकदाच पाठवतात. थवा एकदम उडाला की मात्र सगळंच हलतं, आणि कमी वेगाच्या नेटवर चित्राचे चौकोन दिसायला लागतात ते नेमके अशा वेळी.

म्हणजे आपल्याकडे येतो तो व्हिडिओ नसतो, व्हिडिओ तयार करण्याच्या सूचना असतात. त्या वाचून सेकंदाला तीस किंवा साठ वेळा २० लाख ठिपके मांडायचं काम आपल्या यंत्राचं. सूचनांची भाषा म्हणजे कोडेक. २००३ साली एच.२६४ आलं, २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि व्हीपी९, २०१८ मध्ये एव्ही१. प्रत्येक नवं कोडेक तेवढंच चित्र आणखी कमी डेटात बसवतं, पण उलगडायला जास्त आकडेमोड मागतं. एचईव्हीसी बनवतानाच उद्दिष्ट होतं की एच.२६४ च्या निम्म्या डेटात तेवढाच दर्जा मिळावा.

ही आकडेमोड लॅपटॉपमध्ये दोन ठिकाणी होऊ शकते. एक मुख्य प्रोसेसर, म्हणजे सीपीयू. दुसरं म्हणजे फक्त व्हिडिओ उलगडण्यासाठीच चिपमध्ये कोरलेलं वेगळं सर्किट. पाट्या-वरवंट्यावर चटणीही वाटता येते आणि पुरणही, फक्त दंड भरून येतात. पुरणयंत्रात पुरण झटपट निघतं, पण चटणी वाटता येत नाही. सीपीयूला कुठलंही कोडेक शिकवता येतं, सॉफ्टवेअर बदललं की झालं. त्या सर्किटला कारखान्यात जेवढं शिकवलं तेवढंच येतं, पण ते काम ते फारच थोड्या विजेत उरकतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन’ किंवा ‘ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन’ अशी जी ओळ असते, तिच्याखाली इतर गोष्टींबरोबर हेही येतं: शक्य असेल तेव्हा व्हिडिओ त्या सर्किटकडे द्या.

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे भाग असतात आणि तेच मिळून व्हिडिओ उलगडतात, असं अनेकांना वाटतं. ते कोअर गेमसाठी. व्हिडिओचं सर्किट त्याच चिपवर, पण बाजूला असतं. कारणही आहे. एच.२६४ पासून पुढच्या कोडेकांत आकडे शेवटच्या टप्प्यावर असे आवळतात की पुढचा बिट कसा वाचायचा हे आधीचा वाचल्याशिवाय कळतच नाही. एकामागून एक करायचं काम हजार जणांत वाटता येत नाही. म्हणूनच स्वस्तातल्या लॅपटॉपमधलं साधं इंटेल ग्राफिक्सही ४के व्हिडिओ शांतपणे दाखवतं, आणि व्हिडिओ बघण्यापुरतं महागडं गेमिंग कार्ड घेणं मला तरी पैसे उधळणं वाटतं.

पण सर्किट असलं म्हणजे काम झालं असं नाही, त्याला ‘ती’ भाषा यावी लागते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये व्हीपी९ चं पूर्ण सर्किट सातव्या पिढीपासून आहे आणि एव्ही१ चं अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासून. अ‍ॅपलच्या मॅकमध्ये एव्ही१ आलं ते २०२३ च्या एम३ चिपबरोबर. आमच्या सोसायटीतल्या काकूंकडे इंटेलच्या चौथ्या पिढीचा लॅपटॉप आहे. यूट्यूबवर काही लावलं की पंखा घोंघावतो. दुकानदाराने रॅम वाढवायला सांगितली होती.

“काकू, रॅमवर पैसे घालवू नका,” मी म्हटलं.

“अरे, पण हाच लॅपटॉप पूर्वी गप्प असायचा!”

काकूंचं बरोबर होतं. लॅपटॉप तोच आहे, समोरून येणारी भाषा बदलली. यूट्यूब एच.२६४ पाठवायचं तोपर्यंत सगळा भार सर्किटवर होता. आता बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१ येतं, ते या सर्किटला येत नाही, आणि सीपीयू राबतो.

मला यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा केंद्रांतून व्हिडिओ पाठवणाऱ्याला दर बाइटमागे खर्च येतो, म्हणून नवं कोडेक त्याच्या फायद्याचं. उलगडण्याची वीज मात्र बघणाऱ्याच्या मीटरवर. नवी चिप असेल तर बघणाऱ्याला ते जाणवतही नाही, उलट त्याचाही डेटा वाचतो. जुनी असेल तर बचत त्यांची आणि घाम आपला. ब्राउझरमध्ये यावर उपायाची सोय आहे. वेबसाइट ब्राउझरला विचारू शकते: हे कोडेक चालेल का, न अडखळता चालेल का, आणि कमी विजेत चालेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तरी ते मानायचं की नाही, हे वेबसाइटच्या मर्जीवर.

काकूंच्या ब्राउझरमध्ये ‘एच२६४ईफाय’ नावाचं छोटं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा प्रोग्रॅम टाकला. तो यूट्यूबला सांगतो की इथे फक्त एच.२६४ चालतं. यूट्यूब या कोडेकमध्ये १०८०पी, म्हणजे फुल एचडीच्या वर देत नाही, पण काकूंच्या लॅपटॉपचा पडदाच त्याहून लहान आहे.

आपल्याकडे काय चाललंय ते पाहणं सोपं आहे. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. एव्हीसी१ दिसलं तर एच.२६४, व्हीपी०९ म्हणजे व्हीपी९, एव्ही०१ म्हणजे एव्ही१. किती चित्रं गळाली तेही तिथेच दिसतं. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप. तिथल्या ‘व्हिडिओ डिकोड’ची रेघ व्हिडिओ चालू असताना वर गेली तर सर्किट कामाला लागलंय. रेघ जमिनीला चिकटलेली आणि सीपीयू वर, तर नाही. जुना लॅपटॉप विकत घेताना दुकानातच हे दोन मिनिटांत करून बघता येतं.

लिनक्सवाल्यांची कथा लांबलचक आहे. विंडोज आणि मॅकमध्ये सर्किटपर्यंत जायचा एक ठरलेला रस्ता आहे. लिनक्सवर इंटेलचा वेगळा, एनव्हिडियाचा वेगळा, आणि त्यात ड्रायव्हरच्या, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भानगडी. फायरफॉक्सने लिनक्सवर इंटेल ग्राफिक्ससाठी ही सोय आपोआप चालू ठेवली ती २०२३ मध्ये, ११५ व्या आवृत्तीत. त्याच्या आदल्या वर्षी पेटंटच्या धास्तीने फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने आपल्या मेसा नावाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधून एच.२६४ आणि एचईव्हीसीची हार्डवेअर सोय काढून टाकली होती. चिपमध्ये सर्किट आहे, त्याचे पैसे भरलेत, आणि वकिलांमुळे ते वापरता येत नाही!

आणि हो, कधीकधी हे सगळं बंद करणंच बरं. व्हिडिओ हिरवागार दिसतोय, चित्र थिजून नुसता आवाज येतोय, अशा वेळी दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. ब्राउझर बनवणाऱ्यांकडे अशा बिघडलेल्या ड्रायव्हरांची यादीच असते आणि त्यातला सापडला की ब्राउझर ही सोय गुपचूप बंद ठेवतो. यादीत नसलेला तुमच्या वाट्याला आला, तर सेटिंगमधली ती ओळ बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा, ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा आणि मग ती परत चालू करून बघा. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि पुढे वर्षभर पंखा ऐकत बसतात.